भेगेवरचा कागद

मंगरू कोडापे घरं बघायचा. बांधायचाही, पण आमच्या भागात त्याचं नाव झालं ते बघण्यामुळे. गडचांदूरच्या आसपास कारखाने आले, खाणी निघाल्या, नोकरीसाठी बाहेरगावची माणसं येऊन राहू लागली आणि जुनी घरं विकली जाऊ लागली. तेव्हा सौदा करण्याआधी शहाणी माणसं एकमेकांना विचारायची, "मंगरूले दाखवलं का?" शहाणी माणसं थोडीच असतात म्हणा. मुलगी बघायला पाच खेपा घालणारे लोक घर मात्र एका खेपेत पसंत करून येतात, तेही भिंतीचा रंग बघून. मी त्यांच्यातलीच. वर मी चौथीच्या पोरांना शिकवणारी बाई, म्हणजे आपल्याला सगळं कळतं ही खोड जास्तीची.

मंगरूला मी फसवायला निघाले होते. तेच सांगायला बसले आहे.

ही १९८७ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी, पोस्टात नोकरीला असलेले माझे यजमान देवराव आणि आमची पाच वर्षांची विशाखा, असे आम्ही तिघं. तीन वर्षांत पाच खोल्या बदलल्या होत्या. खोली मागायला गेलं की लोक आधी आडनाव विचारायचे. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव, आणि गावावरूनही नाही झाला तर "तुमच्या घरी देव कोनता?" आम्ही बौद्ध आहोत हे मी कधी लपवलं नाही. सांगितल्यावर पुढचं वाक्य कोणतं येणार तेही मला पाठ झालं होतं: "आमचा पावना येनार हाये, आमालेच खोली लागन." पाचव्या मालकाने आम्हाला होळीपर्यंतची मुदत दिली होती. विशाखाने त्यांच्या हौदात आमचा तांब्या बुडवला, एवढंच निमित्त. त्या दिवशी मी देवरावांना सांगून टाकलं, आता भाड्याची खोली नको. घेऊ तर आपलं घर.

आणि सोमाजींचं घर समोर आलं. माझ्या शाळेच्या मागच्याच गल्लीत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर कवेलूंचं छप्पर, मागे मोकळं अंगण, आतून-बाहेरून नुकताच दिलेला पांढराशुभ्र चुना. सोमाजी साठीचे, मऊ बोलणारे. मुलाने पलीकडे नवं घर बांधलं म्हणून हे जुनं विकायला काढलं, असं म्हणाले. त्यांनी आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आपल्या घरच्या कपात चहा दिला, आणि त्यांच्या सुनेने आमचे कप बाकीच्या कपांतच उचलून नेले. मी त्या कपांकडे बघत राहिले. खरं सांगते, घर मी तिथेच पसंत केलं. भिंती नंतर पाहिल्या. त्यांनी किल्ली आमच्या हाती दिली आणि पुढच्या सोमवारी राजुऱ्याला रजिस्ट्री करायची ठरली.

देवराव माझ्यासारखे उतावळे नाहीत. पोस्टात कोणीतरी त्यांना मंगरूचं नाव सांगितलं आणि गुरुवारी सकाळी ते त्याला सोमाजींच्या घरी घेऊनच आले. पन्नाशीचा, वाळक्या अंगाचा माणूस. खाकी अर्धी चड्डी, एका हातात थापी आणि ओळंबा, खांद्यावर लोखंडी सब्बल, म्हणजे पहार. पोंभुर्ण्याकडच्या जंगलातलं एक गोंडांचं गाव हे त्याचं मूळ गाव. चार कोस चालून आला असेल, म्हणून मी शाळेतून भरून आणलेला तांब्या पुढे केला.

"नाई बाई. आता नाई."

"पाणीच आहे हो."

"मालूम हाये. आता नाई घेत."

तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले होते, फक्त या तोंडून ऐकायचं राहिलं होतं. तांब्या परत ठेवताना मी मनात म्हटलं, बघ बाबा, तूसुद्धा. त्या क्षणापासून हा माणूस मला नकोसा झाला. तो जे काही सांगेल ते आम्हाला या गल्लीत येऊ न देण्यासाठीच सांगेल, असं मी धरूनच चालले.

त्याचं बघणं मात्र मी कधी विसरले नाही. पुढच्या दारातून तो आत आलाच नाही. आधी घराभोवती एक फेरा मारला, पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं ते भिंतीच्या बुडाशी उमटलेल्या रेघांवरून पाहिलं. मग कवेलूंवर चढला. मग आत येऊन खांबांना नाक लावलं.

"जळकं तेल लावलं काय ह्याले, ते पाहून राह्यलो. उधई लागली का लोक तेल फासतेत."

खांब चांगले निघाले, वाळवी नव्हती. मग त्याने प्रत्येक खोलीत ओंजळभर पाणी ओतलं आणि ते कुठे वाहतं ते उकिडवा बसून बघत राहिला. पहिल्या खोलीतलं पाणी दाराकडे गेलं. मागच्या खोलीतलं गेलं उत्तरेच्या कोपऱ्यात.

कोपऱ्यात त्याने थापीच्या दांड्याने भिंत ठोकली. बाकी ठिकाणचा आवाज आणि इथला आवाज यांतला फरक मलाही कळला. थापीने चुना खरवडला तर खाली नवं प्लास्टर, आणि प्लास्टर पाडलं तर खाली भेग. छातीएवढ्या उंचीपासून खाली जमिनीपर्यंत. माझं बोट आत गेलं असतं.

"जुनी भेग असन," देवराव म्हणाले.

"जुनी असन तं हरकत नाई भाऊ. मेलेली भेग काई करत नाई. जित्ती हाये का मेली, ते पाहा लागन."

त्यानंतर तो बाहेर गेला आणि शेजारच्या ठमाबाईला त्याने एकच प्रश्न विचारला. "मावशी, नळ याच्या आंधी इथले लोक पानी कुठून आनत व्हते?" मला वाटलं, काय हा वेडेपणा! ठमाबाई म्हणाली, "मले नाई आठवत," आणि सूप उचलून घरात गेली. मंगरू बराच वेळ तिच्या बंद दाराकडे बघत उभा होता.

परत आल्यावर त्याने माझ्याकडे कागद मागितला. मी शाळेतल्या उरलेल्या उत्तरपत्रिका दिल्या. तांदळाच्या पिठाची लई त्याने घरूनच डबीत आणली होती. कागदाच्या तीन पट्ट्या कापून त्याने भेगेवर आडव्या चिकटवल्या, वर एक, मधे एक, खाली एक, दोन्ही टोकं भिंतीच्या चुन्यावर घट्ट बसवून. खाणीत रोज दुपारी तीनला भोंगा होऊन सुरुंग उडायचे, तेव्हा अख्ख्या गावातली भांडी वाजायची.

"भेग मेली असन तं कागद तसाच राहीन. जित्ती असन तं फाटन. तीन दुपारा पाहू. बाई, तुमी ह्याच्यावर सही करा. मले लिहिता येत नाई. तुमची सही असली का कोनी बदलवनार नाई."

मी तिन्ही पट्ट्यांवर सही केली, तारीख घातली. त्या भेगेची राखण त्याने माझ्याकडे सोपवली.

गुरुवारी साडेतीनला शाळेतून जाऊन पाहिलं. तिन्ही कागद जसेच्या तसे. शुक्रवारी वर्गात माझं लक्षच नव्हतं. भोंगा झाला, खिडकीच्या गजांतून थरथर गेली आणि मी पोरांना पाढे म्हणायला लावून पळतच गेले. कागद शाबूत. जीव भांड्यात पडला. आता एकच दुपार. त्या दिवशी घरी विशाखाला मी सांगूनही टाकलं की आपण तिथे राहणार. ती म्हणाली, "मग तिथं मी पाणी घेतलं तर चालेल?" मी हो म्हटलं.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी मी एकटीच त्या रिकाम्या घरात जाऊन बसले. तीन वाजले. भोंगा झाला. पहिल्या सुरुंगाला कवेलूंतून माती गळली. दुसऱ्याला काही नाही. तिसऱ्याला माझ्या डोळ्यांसमोर मधली पट्टी ताणली गेली आणि मधोमध फाटली. माझ्या सहीचं अर्धं अक्षर एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला.

 होळीला चार आठवडे राहिले होते. पावणा येणार आहे म्हणणारी सगळी तोंडं माझ्यापुढे उभी राहिली. मग मला मंगरू आठवला, "आता नाई" म्हणणारा, आणि मी स्वतःला म्हटलं, जो माणूस माझ्या हातचं पाणी घेत नाही त्याच्या कागदाच्या तुकड्यावर मी माझं घर सोडू? एवढीशी पट्टी. गावात रोज हादरे बसतात, कोणाच्या घराला भेग नाही?

मी खोलीवर गेले, सकाळच्या भातातला मूठभर कुस्करून लई केली, उत्तरपत्रिकेची पट्टी कापली. परत येऊन फाटलेला कागद नखांनी खरवडून काढला, नवा लावला. सही केली. तारीख गुरुवारची. चौथीतलं पोर नक्कल करताना सापडलं तर मी त्याला बाकावर उभं करायची. 

रविवारी सगळे जमले, विशाखासुद्धा. सोमाजी नवी टोपी घालून आले होते. देवराव कागदांकडे बघून हसले. "पाह्यलं का मिस्त्री? तिन्ही शाबूत." मंगरूने मान हलवली. मग त्याने वरच्या पट्टीचं टोक धरून ती हळूच सोलून काढली. कागदाच्या पाठीला पांढरा चुना चिकटून आला आणि भिंतीवर दोन मातकट चौकोन उघडे पडले. मग त्याने मधली पट्टी सोलली. तिच्या पाठीला चुन्याचा कणही नव्हता.

तो त्या कागदाकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "हा कागद मी लावलेला नोहोय. मी लावला तवा इथी चुना व्हता. कोनंतरी पह्यला कागद काढला, चुना त्याच्यासंगं गेला. मंग हा लावला."

देवरावांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ते सरळ सोमाजींवर गेले. "म्हणजे तुम्ही बदलवला! दुसरी किल्ली ठेवली असन तुमच्यापाशी!"

"भाऊ, मी नाई... बुद्धाची शपत घ्याले लावा मले, तुमच्या..."

"त्यांचं नाव घेऊ नका!" आणि माझ्या नवऱ्याने, ज्याने आयुष्यात कोणाला अरे म्हटलं नव्हतं, त्या म्हाताऱ्याची कॉलर धरली. सोमाजींची टोपी पडली. मंगरू मधे पडला नाही. त्याची नजर कागदावरच्या सहीवर होती. लिहिता येत नसलं तरी तीन सह्या एकाच हाताच्या आहेत हे कळायला अक्षर लागत नाही. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. तो सांगणार नव्हता. मी गप्प बसले असते तर सोमाजी चोर ठरले असते, आणि मी जन्मभर देवरावांच्या समोर बसून जेवले असते.

"सोडा त्यांना," मी म्हटलं. "मी बदलला. काल फाटला होता."

देवरावांचा हात कॉलरवरून आपोआप खाली आला. ते माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसे बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. विशाखा त्याच कोपऱ्यात सोललेल्या पट्टीशी खेळत बसली होती, भिंतीला पाठ लावून. मी जाऊन तिला तिथून ओढलं, एवढ्या जोरात की ती रडायला लागली. तेव्हा कुठे मला कळलं की मी कोणाला फसवायला निघाले होते.

मंगरू सब्बल घेऊन बाहेर गेला. आम्ही सगळे मागे. उत्तरेच्या कोपऱ्याशी, पायाला लागून, त्याने सब्बल रोवली आणि दाबली. आमच्याकडच्या काळ्या जमिनीत फेब्रुवारीत सब्बल वीतभर जायला घाम निघतो. ती कंबरेएवढी आत गेली. त्याने अजून दाबली. हाताच्या मुठीएवढी वर राहिली.

"विहीर हाये," तो म्हणाला. "भरून टाकली, वरून भिंत घेतली. भराव बसून राह्यला, भिंत त्याच्या मांगं चालली. सुरुंगाचं निमित्त. सुरुंग बंद झाले तरी जाईन."

ठमाबाई आपल्या दारात येऊन उभी राहिली होती. सोमाजींनी टोपी उचलली, झटकली.

"माह्या बापानं बुजवली," ते म्हणाले. "गावातल्या सगळ्याईले मालूम हाये. गावातलं कोनी घेत नाई हे घर."

"मग आम्हाला का?" देवरावांनी विचारलं.

सोमाजींनी टोपी डोक्यावर ठेवून माझ्याकडे पाहिलं. ते वाईट बोलत नव्हते, तेच मला जास्त लागलं. "तुमी तपासनार नाई असं वाटलं. तुमाले दुसरं कोन घर देनार व्हतं, बाई?"

म्हणून आडनाव विचारलं नव्हतं. चहाच्या कपांचा अर्थ मला तेव्हा लागला.

परतताना मंगरू आमच्याबरोबर शाळेपर्यंत आला. देवराव विशाखाला घेऊन पुढे निघून गेले होते. मी त्याला विचारलंच. "तुम्ही माझ्या हातचं पाणी का घेतलं नाही?"

तो दचकला. खरोखर दचकला. "बाई, मी कोनाच्याच घरी घेत नाई. सोमाजीचाबी चहा नाई घेतला."

मग शाळेच्या ओट्यावर बसून त्याने सांगितलं. पंधरा वर्षांमागे एका मालकाने त्याच्याकडून अशीच एक भेग लिंपून घेतली होती, घर विकायचं म्हणून. मंगरूने सांगितलं होतं की भिंत जाईल. मालकाने त्याला पाटावर बसवून कोंबडीचं जेवण घातलं. जंगलातल्या माणसाला असं पाटावर कोणी बसवत नव्हतं. घर घेणारे आले तेव्हा तो तिथेच होता, आणि त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. दुसऱ्या वर्षी भिंत पडली. घेणाऱ्याचा पाय मांडीपासून गेला.

"ज्याचं खाल्लं त्याच्यापुढं तोंड उघडत नाई, बाई. इकनाऱ्याचं नाई, घेनाऱ्याचंबी नाई. तवापासून आंधी घर पाह्यतो, मंग पानी पेतो."

 मी माफी मागितली, ती त्याला समजली की नाही कोण जाणे.

सोमवारी आम्ही राजुऱ्याला गेलो नाही. देवराव माझ्याशी आठ दिवस कामापुरतं बोलले. होळीआधी तीन मैलांवरच्या गावात आमच्याच लोकांच्या मोहल्ल्यात एक खोली मिळाली, कुडाच्या भिंतींची. मी एस.टी.ने शाळेत येऊ लागले.

एप्रिलमध्ये मंगरू शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला. सोमाजींचं घर पुन्हा विकायला निघालं होतं. घेणारा बिरजू खाणीच्या ट्रकवर होता. त्याची बायको बुधरी, दोघं एटापल्लीकडच्या जंगलातली. "मी सांगून पाह्यलं," मंगरू म्हणाला. "आयकत नाई. तुमी या."

बुधरी मागच्या खोलीत होती. घराचा व्यवहार व्हायचा होता, पण ती आधीच शेणमाती कालवून त्या कोपऱ्यातली भेग लिंपत होती. मंगरू तिच्याशी गोंडीत बोलला, मला त्यातलं काही कळलं नाही. ती हात न थांबवता मराठीत मला म्हणाली, "बाई, आमाले कोन देते घर? ह्या बुढ्यानं देल्लं." तिचे हात भराभर चालत होते. मी तिला विहिरीचं सांगितलं. कागदाचं सांगितलं, माझी खोटी सही सांगितली. ती ऐकत होती आणि लिंपत होती. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी होते तेव्हा मीही हेच केलं होतं.

मग मी बोलणं सोडलं. तिचा हात धरून तिला बाहेर नेलं आणि मंगरूची सब्बल तिच्या हातात दिली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग सगळा जोर लावून सब्बल पायाशी मारली. पहिल्याच झटक्याला ती हातातून सुटून आत गेली, इतकी की बुधरी तोल जाऊन गुडघ्यांवर पडली. पुन्हा उठून तिने ती आणखी दाबली, खाली काही लागेल या आशेनं. काही लागलं नाही.

शेणाने भरलेले हात तसेच ठेवून ती भुईवर बसली.

"मंग आमी जाऊ कुठी, बाई?"

मंगरूने सब्बल उपसून बाहेर काढली.  मी तिला उठवलं. बिरजूला निरोप ठेवला आणि चारच्या एस.टी.ने तिला माझ्या खोलीवर घेऊन गेले. देवरावांनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन खाट भिंतीकडे सरकवली. त्या दिवसापासून पावसाळा संपेपर्यंत त्या एका खोलीत बिरजू-बुधरी धरून आम्ही पाच जण राहिलो.